आमची वाटचाल : नावाचा वाद आणि नवं नाव

पाळ्यांमध्ये काम चालणाऱ्या संस्थांसाठी आम्ही ड्युटी लावायचं सॉफ्टवेअर बनवतो. रात्रपाळी कोणाची, सुट्टी कोणाची, आयत्या वेळी कोण कोणाच्या जागी येणार, हे सगळं त्यात एका तक्त्यात दिसतं. पहिली काही वर्षं कोड लिहिण्यात, ग्राहकांचे फोन घेण्यात आणि बिलं वसूल करण्यात गेली. उत्पादनाचं नाव होतं 'क्विक रोस्टर'; रोस्टर म्हणजे ड्युटीचा तक्ता. गिऱ्हाईक शोधताना 'रोस्टर' हाच शब्द टाकतो, मग तो नावातच असलेला बरा, हा सरळ हिशेब होता आणि तो लागूही पडला.

मग आमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या कंपनीच्या वकिलांची नोटीस आली. त्यांच्या नोंदणीकृत ट्रेडमार्कमध्ये 'रोस्टर' शब्द आहे; तेव्हा नाव ताबडतोब बंद करा, डोमेन आमच्या नावे करा आणि हा शब्द पुन्हा वापरणार नाही असं लिहून द्या. शेवटची मागणी वाचून माझा संताप झाला. रोस्टर बनवणाऱ्याने रोस्टर म्हणायचं नाही, तर मग म्हणायचं काय?

माझे भागीदार म्हणाले, सही करून मोकळे होऊ, कोर्टकचेरी आपल्याला झेपायची नाही. त्यांची भीती रास्त होती. अशा नोटिशींचं निम्मं बळ त्या भीतीतच असतं. तरी सही करण्याआधी ट्रेडमार्कचं काम करणाऱ्या एका वकीलबाईंचा सल्ला घ्यायचं ठरलं. त्यांनी नोटीस बाजूला ठेवली आणि ट्रेडमार्क रजिस्टरमधली मूळ नोंद उघडली. नोंदणी होती लोगोसकट पूर्ण नावाची. खाली एक ओळ होती : 'रोस्टर' या शब्दावर स्वतंत्रपणे एकाधिकार सांगता येणार नाही. याला डिस्क्लेमर म्हणतात. नोटिशीत या ओळीचा उल्लेखसुद्धा नव्हता!

बाईंनी मग आम्हाला बरंच काही समजावलं. वस्तूचं जे सर्वसाधारण नाव, ते त्याच वस्तूसाठी कोणालाच राखून ठेवता येत नाही. नुसता गुण सांगणारा शब्द कमकुवत. दीर्घ वापराने लोक तो एकाच कंपनीशी जोडू लागले, तरच त्याला संरक्षण मिळतं. वस्तूशी संबंध नसलेला किंवा नव्याने घडवलेला शब्द सगळ्यात भक्कम. इंटेलला '३८६' या आकड्यावर हक्क मिळाला नाही, १९९१ मध्ये कोर्टाने तो नाकारला. म्हणून १९९३ चा प्रोसेसर '५८६' न होता 'पेंटियम' झाला. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये 'लिंडोज' या दुसऱ्या कंपनीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नावावरून दावा लावला, तेव्हा 'विंडोज' हा शब्द मुळात कोणा एकाचा होऊ शकतो का, हाच प्रश्न अमेरिकी कोर्टापुढे उभा राहिला. शेवटी २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने दोन कोटी डॉलर देऊन तडजोड केली आणि 'लिंडोज' हे नाव थांबलं. 'ॲप स्टोअर' या शब्दांवरून ॲपलने ॲमेझॉनवर २०११ मध्ये लावलेला दावा २०१३ मध्ये सोडून दिला. पण मोठ्या कंपन्या हरतात ते छोट्यांसमोरच असं नाही, आणि साधा शब्द नेहमीच मोकळा असतो असंही नाही. ब्रिटनमध्ये 'स्काय' या कंपनीने मायक्रोसॉफ्टविरुद्धचा खटला २०१३ मध्ये जिंकला आणि मायक्रोसॉफ्टच्या फायली साठवण्याच्या 'स्कायड्राइव्ह' या सेवेचं 'वनड्राइव्ह' झालं. आकाश हा शब्द सगळ्यांचा, पण फायली साठवण्याचं ते वर्णन नव्हे.

आम्ही डिस्क्लेमरची प्रत जोडून दोन पानी उत्तर पाठवलं. डोमेन देणार नाही, लेखी हमी देणार नाही, शब्द वापरत राहू. पुढे एक मवाळ पत्र आलं, आणि मग काहीच नाही.

एवढ्यावर निभावलं असतं. पण काही काळाने दुसऱ्याच कोणीतरी 'क्विक रोस्टर प्रो' नावाचं ॲप बाजारात आणलं. त्यांच्या तक्रारी आमच्या हेल्पलाइनवर येऊ लागल्या. मी पुन्हा वकीलबाईंकडे गेलो, तर त्यांनी आमचंच उत्तर आमच्यापुढे ठेवलं. जो शब्द त्या कंपनीचा नाही, तो तुमचाही नाही. मला ते पटलं, आणि न्याय्यही वाटलं.

म्हणून आम्ही नाव बदललं, आमच्या मर्जीने आणि आमच्या सवडीने. नव्याने घडवलेलं नाव हवं होतं, तेही रजिस्टर, डोमेन आणि ॲप स्टोअर असं सगळीकडे तपासून घेतलेलं. फायरफॉक्सवाल्यांना आधी 'फिनिक्स' आणि मग 'फायरबर्ड' ही दोन्ही नावं सोडावी लागली होती, हे आमच्या डोक्यात पक्कं होतं. उच्चाराने जवळ जाणारी नावंही आम्ही बाद केली.

बदलाचं काम मात्र किचकट निघालं. आयकॉन, मदतीची पानं, बिलाचे नमुने, आपोआप जाणाऱ्या ईमेल, एपीआयचे (इतर सॉफ्टवेअर आमच्या सॉफ्टवेअरशी जोडण्याच्या सोयीचे) पत्ते. ॲपचा अंतर्गत आयडी एकदा प्रकाशित झाला की बदलता येत नाही, त्यामुळे तिथे जुनं नाव कायमचं राहिलं. जुनं डोमेन आम्ही सोडलेलं नाही. तिथे येणारा ग्राहक आपोआप नव्या पत्त्यावर पोचतो.

नव्या नावाची नोंदणी आम्ही ट्रेडमार्कच्या वर्ग ९ (सॉफ्टवेअर) आणि ४२ (सॉफ्टवेअर सेवा) मध्ये केली आहे, आणि त्याखाली ठळक अक्षरांत लिहितो : ड्युटी रोस्टर सॉफ्टवेअर. अशीच नोटीस आलेला एखादा छोटा व्यावसायिक विचारायला आला, तर त्याला रजिस्टरमधली नोंद कशी शोधायची ते मी स्वतः बसून दाखवतो.