बॉनच्या हवामान वाटाघाटींना जाताना माझं घोडं कुठे अडलं – माझा अनुभव

इतके महिने झाले तरी त्या व्हिसा सेंटरच्या काउंटरचं नाव निघालं की डोकं सणकतं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते, पुढे जाणाऱ्या कुणाच्या तरी कामी येईल.

मी बीड जिल्ह्यात पाणलोटाचं आणि गावाच्या पाणी ताळेबंदाचं काम करते. जून २०२५ मध्ये, १६ ते २६ तारखेला, जर्मनीत बॉनला संयुक्त राष्ट्रांच्या हवामान वाटाघाटी होत्या. आमची संस्था लहान, स्वतःची मान्यता नाही, पण एका मोठ्या संस्थेच्या कोट्यातून ऑब्झर्व्हरचा, म्हणजे निरीक्षकाचा, एक बॅज मिळाला आणि सगळ्यांनी माझं नाव पुढे केलं.

तयारी जानेवारीपासून दर शनिवारी ऑनलाइन. वाटाघाटींचा मसुदा कसा वाचायचा हे तिथे कळलं. चौकटी कंसातलं म्हणजे अजून पटलेलं नाही, आणि ‘ठरवते’, ‘विनंती करते’, ‘आवाहन करते’, ‘नोंद घेते’ ह्या शब्दांमधे जमीन-अस्मानाचा फरक असतो. मार्चमध्ये पुण्याला तीन दिवस खोट्या वाटाघाटी झाल्या आणि मला बसवलं युरोपीय संघाच्या खुर्चीत. मी टँकरच्या गावातून आलेली, आणि पैशाचे निर्देशक, म्हणजे पैसा मोजायची मापं, नकोत हे मीच म्हणायचं, ह्याचा आधी फार राग आला. पण त्या दोन तासांत कळलं की समोरचा कधी सरळ ‘नाही’ म्हणत नाही, तो म्हणतो मोजायची पद्धत अजून पक्की नाही, आकडेवारी उपलब्ध नाही, आणि त्याला भाषणानं उत्तर देता येत नाही, तयार वाक्य हातात लागतं. ज्यांना कुणाला तयार करायचंय त्यांनी त्या माणसाला एकदा तरी विरुद्ध बाजूला बसवाच.

आता जिथे अडलं ते.

माझ्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये माझं आणि नवऱ्याचं अशी दोन्ही नावं आहेत, आपल्याकडे बहुतेक बायकांचं असंच असतं. नोंदणीचा फॉर्म भरताना मात्र फक्त माझं नाव आणि आडनाव गेलं. एप्रिलमध्ये त्याच नावानं व्हिसाला जोडायचं पत्र आलं, मी प्रिंट काढून फाइलला लावलं, कुणाच्याच ध्यानात आलं नाही. १३ मेची व्हिसाची अपॉइंटमेंट. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मुंबई गाठली, सकाळी साडेसातला लाइनीत, अकराला नंबर लागला. काउंटरवरच्या मुलानं पत्र बघितलं, पासपोर्ट बघितला आणि म्हणाला, नाव मॅच होत नाही मॅडम. मी म्हणलं पासपोर्ट नंबर तोच आहे, जन्मतारीख तीच आहे, मधलं नाव नवऱ्याचं आहे, आधार बघा, लग्नाचा दाखला बघा. सगळं होतं माझ्याकडे. त्यानं कागदाला हातसुद्धा लावला नाही. सुपरवायझरना बोलवा म्हणलं तर ते लंचला, लंचनंतर ते मीटिंगमध्ये. तीन वाजता एक बाई बाहेर आल्या आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, पत्र बदलून आणा आणि नवीन अपॉइंटमेंट घ्या. दोन वाक्यं. त्या दोन वाक्यांसाठी मी चार तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते.

पत्र बदलायचं तर ते मला किंवा माझ्या संस्थेला करता येत नाही, ज्या संस्थेनं नाव दिलं तिच्या ठरलेल्या माणसानंच करायचं, आणि तो माणूस परदेशात. मी सकाळी मेल टाकायचे, तिकडे रात्र. रोज एक ओळ इकडून, एक ओळ तिकडून. नवव्या दिवशी, २२ मेला, दुरुस्त पत्र आलं. तोवर जूनच्या मध्यापर्यंतचे स्लॉट गायब. पहाटे पाचला उठून वेबसाइट रिफ्रेश करत बसायचे, सासूबाई म्हणायच्या इतकं तर परीक्षेलाही कुणी उठत नाही. शेवटी कुणीतरी रद्द केलेला २९ मेचा मिळाला. ह्यावेळी त्याच काउंटरवर सात मिनिटांत काम झालं, नावाबद्दल एक शब्द नाही! मला आनंद व्हायच्या ऐवजी रडू आलं.

नियमानं निर्णयाला साधारण १५ दिवस, पण ४५ पर्यंत जाऊ शकतात. १४ जूनचं तिकीट सोडावं लागलं, पैसे अर्धेच परत. पासपोर्ट हातात पडला १८ ला. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, त्यामुळे पत्र आल्या दिवशीच स्लॉट बघा, आणि नोंदणी करताना पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो हेही राहिलं सांगायचं.

२० तारखेला बॉनला पोचले. नशीब असं की अजेंड्यावरूनच वाद झाल्यानं १७ च्या रात्रीपर्यंत तिकडे कामच सुरू झालं नव्हतं, नाहीतर माझं आणखी बुडालं असतं. मी धरला होता तो विषय म्हणजे अनुकूलनाचे, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचे, निर्देशक. दुबईच्या हवामान परिषदेत २०२३ ला पाणी, अन्न, आरोग्य अशी सात क्षेत्रं ठरली, मग मोजायचं कशानं ह्यावर नऊ हजारांहून जास्त निर्देशक जमा झाले, तज्ज्ञांनी ते ४९० वर आणले होते, बॉनला ठरलं की १०० च्या वर नकोत. म्हणजे कापाकापीत गावपातळीचं काय उरतं हेच बघायचं होतं.

ऑब्झर्व्हरला बहुतेक वेळा मागे बसून ऐकायला मिळतं, बोलायला फारसं नाही, काही बैठकांत आतही घेत नाहीत. खरं काम कॉरिडॉरमध्ये. म्हणून एका पानापेक्षा मोठा कागद नेऊ नका, आणि त्यात तुमची कहाणी नको, मसुद्यात जसंच्या तसं बसेल असं एक वाक्य हवं. माझ्या पानावर होतं की पाण्याचे आकडे स्थानिक लोकांनी मोजलेलेही धरावेत. जिन्याजवळ आफ्रिकेतल्या एका देशाच्या निगोशिएटर बाईंना ते दिलं. त्यांनी उभ्यानं वाचलं आणि विचारलं, हे मोजतं कोण? मी सांगितलं, आमच्या बचत गटातल्या बायका, विहिरीत टेप सोडून, आणि त्यावरून गाव ठरवतं की रब्बीला गहू पेरायचा की हरभरा. त्यांनी पानाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहून घेतलं. मला त्या क्षणी १३ मे वसूल झाल्यासारखा वाटला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमधल्या बेलेमच्या परिषदेत शेवटी ५९ निर्देशक मंजूर झाले. यादी मी अजून ओळीनं वाचतेय.

पुढच्या खेपेला आमच्याकडून दुसरी एक ताई जाणारे. तिला मसुदा, कंस वगैरे शनिवारपासून शिकवणार आहे, पण काल फोन केला तो आधी पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मागायला. तिच्याही नावात नवऱ्याचं नाव आहे.