तोंड कुठे करून?

"आधी हे सांग, मी तोंड कुठे करून उभीये?"

काल बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका काकूंनी हे विचारलं आणि तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. माझ्या पीएचडीच्या टेस्टसाठी त्यांच्या घरी गेले होते. आधी ठोकळ्यांची चित्रं, दोन आकार एकच की वेगळे ते मनातल्या मनात फिरवून सांगायचं, कागद फिरवायचा नाही. काकूंचा हात सारखा पोळी उलटावी तसा वळत होता, मग त्यांनीच तो पदराखाली दाबून धरला. मार्क फार कमी पडले, चेहराच उतरला त्यांचा.

मग मी विचारलं, समजा तुम्ही जुन्या शहराच्या चार दरवाजांमधोमध, मांडवीखाली उभ्या आहात, चांपानेर दरवाजा कुठे? त्यावर हा प्रश्न. म्हटलं, पाणीगेटकडे तोंड. "मग डावीकडे. उजवीकडे गेंडीगेट आणि पाठीला लहेरीपुरा, माहेर माझं तिथलं." क्षणभरही थांबल्या नाहीत!

शेपर्ड आणि मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांनी १९७१मध्ये दाखवलं होतं की आकार जितका जास्त फिरलेला तितका उत्तराला वेळ जास्त, म्हणजे माणूस तो मनात खरंच फिरवत असावा. पण वस्तू फिरवणं वेगळं आणि आपण स्वतः दुसरीकडे उभं राहून बघणं वेगळं, एकात कच्चा माणूस दुसऱ्यात पक्का असू शकतो. हे मी कितीदा वाचलंय, लिहिलंय. तो पदराखालचा हात मात्र पहिल्यांदा बघितला.

निघताना काकू म्हणाल्या, "नापासच ना गं मी?"

तुम्ही काय सांगितलं असतं?