आमची वाटचाल : दारव्ह्यातली शिकवणी आणि दाखल्यांची फाइल

दारव्हा, दिग्रस, नेर या पट्ट्यात अकरावी-बारावी सायन्सचे वर्ग चालवणाऱ्याला जो भेटतो तो एकच विचारतो, "सर, यंदा नीटले किती लागले?" नीट म्हणजे वैद्यकीयची प्रवेश परीक्षा. आयटीआयला किती गेले, पॉलिटेक्निकला किती, कोणाची जागा एका दाखल्यापायी जाता जाता वाचली, हे कोणी विचारत नाही. आमचं सगळं काम या न विचारलेल्या भागात झालेलं आहे. ते एकदा लिहून ठेवायचं होतं.

सुरुवात २००९ ची. बसस्टँडमागे एका कृषी केंद्राच्या वर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. फिजिक्स माझ्याकडे, गणित माझ्या भागीदाराकडे. केमिस्ट्री आणि बायोलॉजीला यवतमाळहून एसटीने शिक्षक येत. पहिल्या वर्षी बेंच नव्हते, सतरंजीवर वर्ग चालला. फी मात्र पहिल्या दिवसापासून तीन हप्त्यांत ठेवली आणि तिन्ही हप्ते दसऱ्यानंतर. सोयाबीन निघाल्यावर पहिला, कापसाचे चुकारे आले की दुसरा, तुरीवर तिसरा. जूनमध्ये शेतकरी बी-बियाण्याच्या दुकानात उभा असतो, त्या महिन्यात त्याला फी मागणं बरोबर नाही. नवीन वर्ग काढणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे : हप्त्याच्या तारखा ठरवण्याआधी बाजार समितीत एक चक्कर मारून या.

भागीदाराबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण आमच्या कामातली सगळ्यात उपयोगी वस्तू त्यांनी केली. ओएमआर, म्हणजे गोल रंगवून उत्तरं द्यायच्या उत्तरपत्रिका, तपासायचं यंत्र तेव्हा आमच्या आवाक्यात नव्हतं. त्यांनी जुन्या एक्स-रे फिल्म आणल्या, गरम पाण्याने धुऊन साफ केल्या, उत्तरपत्रिकेच्या मापात कापल्या आणि बरोबर उत्तरांच्या गोलांवर पंचने छिद्रं पाडली. ही आमची चाळणी. उत्तरपत्रिकेवर ठेवायची, छिद्रांतून काळे गोल मोजायचे, लाल पेनने आकडा लिहायचा. ए, बी, सी, डी चारही सेटच्या चार वेगळ्या चाळण्या, कोपऱ्यात खाच पाडलेल्या, म्हणजे दिवे गेले तरी हाताला कळावं कोणती कोणत्या सेटची. पुढे नीट आली आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जाऊ लागला, तेव्हा त्यांनी तपासणीत दुसरी फेरी घातली : आधी चाळणी ठेवून बरोबर मोजायचे, मग ती काढून एकूण रंगवलेले गोल मोजायचे, वजाबाकी केली की चुकलेले हाती येतात. रविवारच्या पेपरचे गुण रविवारी संध्याकाळी फळ्यावर लागत. मुलाला आपली चूक त्याच दिवशी दिसली पाहिजे, गुरुवारी दिसून उपयोग नाही, हे त्यांचं म्हणणं, आणि ते मी आजही पाळतो.

दुसरी वस्तू म्हणजे कट-ऑफचं रजिस्टर. कॅप राउंडच्या, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्यांच्या, याद्या लागल्या की त्यातून आपल्या मुलांच्या कामाच्या तेवढ्या ओळी मी हाताने उतरवून घेतो : अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी, यवतमाळची कॉलेजं, नागपूरची, अकोल्याचं कृषी विद्यापीठ. प्रवर्ग वेगळा, मुलींच्या जागा वेगळ्या, राउंड वेगळा. नियम बदलला की मागची पानं निरुपयोगी होतात. २०२० मध्ये वैद्यकीय प्रवेशाची ७०:३० ची प्रादेशिक पद्धत (७० टक्के जागा त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के बाकी राज्याला) गेली, तेव्हा मी मधोमध लाल रेघ मारली. रेघेच्या आधीचे आकडे पाहून कोणी कॉलेजचे विकल्प भरू नयेत.

तिसरी वस्तू फाइल. प्रत्येक मुलाच्या नावाची एक साधी पुठ्ठ्याची फाइल, आत पहिल्याच पानावर यादी चिकटवलेली : टी.सी., दहावीची गुणपत्रिका, आधार, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता. जो कागद आला त्यापुढे तारीख. आमच्याकडे अकरावीचा प्रवेश फी देऊन होत नाही, ही फाइल उघडून होतो.

लाडखेडकडचे एक काकाजी आहेत, त्यांच्यापासून ही फाइल सुरू झाली. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. मोठ्या मुलीला घेऊन आले तेव्हा ती दहावी झालेली, गणितात चांगली, आणि घरात शिकणारी पहिलीच. मी पॉलिटेक्निक सुचवलं : तीन वर्षांत डिप्लोमा, पुढे जमलं तर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. त्यासाठी जातीचा दाखला हवा होता. भटक्या-विमुक्तांच्या दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. काकाजी म्हणाले, "माह्या आज्यानं शाळेचं तोंड नाही पाह्यलं सर, त्याचा दाखला कुठून आणू?" शाळेचा नसेल तर कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल चालते, हे मला ठाऊक होतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज टाकला, आजोबांच्या भावाच्या जन्माची नोंद सापडली, ती मोडीत. जाणकाराकडून तिचं लिप्यंतर करून घेतलं, वंशावळीचं शपथपत्र जोडलं आणि दाखला निघाला. त्याच नकलेवर पुढे काकाजींच्या घरची आणि भाऊबंदांची सगळी पोरं शिकली. मोठी मुलगी डिप्लोमा करून डिग्रीलाही गेली, आता पुण्यात नोकरीला आहे.

म्हणून पालकांना सांगतो, बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. अकरावी-बारावी सायन्सच्या मुलाचा जात वैधतेचा अर्ज कॉलेजच्या पत्रासह जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे जातो, तो अकरावीच्या दिवाळीआधी गेला पाहिजे. त्रुटी निघाली तरी ती दूर करायला वर्ष हाताशी राहतं. नॉन-क्रिमीलेअरवरची मुदत पाहा, प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत ती पुरली पाहिजे. शाळेच्या दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव एकच आहे का, तेही आताच पाहा. 'भाऊराव' आणि 'भावराव' यांच्यातल्या फरकापायी मी मुलांना ऐन जूनमध्ये यवतमाळला पळताना पाहिलं आहे.

मधली वर्षं चालली तशी चालली. परीक्षा मात्र सारख्या बदलल्या. २०१३ मध्ये वैद्यकीयला नीट आली आणि गेली. २०१४ आणि २०१५ ला इंजिनीअरिंगचे प्रवेश देशपातळीवरची जेईई मेन परीक्षा आणि बारावीचे गुण अर्धे-अर्धे धरून झाले, २०१६ ला परत सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा. त्याच वर्षी एप्रिलअखेर सर्वोच्च न्यायालयाचा नीटबाबत आदेश आला, मुलं सीईटीच्या तोंडावर रडकुंडीला आली, मग मे महिन्यात अध्यादेश निघून त्या वर्षापुरते सरकारी जागांचे प्रवेश सीईटीवर झाले. प्रत्येक वेळी नोट्स नव्याने छापल्या. शहरातल्या वर्गांना हा खर्च जाणवला नसेल, आम्हाला जाणवला.

आणि मग २०१७.

त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. बोंडं उघडलीच नाहीत, उघडली ती किडकी. दुसरा हप्ता येणार नाही हे दिवाळीतच कळलं. त्याआधी जूनमध्ये शहरातल्या एका मोठ्या क्लासची शाखा गावात उघडली होती. नाव लिहिणार नाही, इथल्या लोकांना माहीत आहे. त्यांनी एका ज्युनिअर कॉलेजशी जुळवून घेतलं : प्रवेश तिथे, बसायचं यांच्याकडे, हजेरी कागदावर. एसी वर्ग, टॅबलेट, बसस्टँडवर मोठं फ्लेक्स. फी दोन वर्षांची एकदम, आगाऊ. ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनीही सोनं गहाण टाकून भरली, कारण 'आता तालुक्यातच कोटा' अशी, राजस्थानातल्या क्लासेसच्या शहराचं नाव घेणारी, जाहिरात होती.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात भागीदार माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, दोन पोरी शिकतात माझ्या. तिथे पगार एक तारखेला आहे." आमच्याकडे पैसा कापसावर यायचा, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही. त्यांचं म्हणणं पटलं, पण लागलं ते आजही लागतं. त्यांच्यामागे बारावीची अर्धी बॅच गेली. चाळण्या तेवढ्या कपाटात राहिल्या.

डिसेंबरपर्यंत भाडं थकलं. केमिस्ट्रीच्या शिक्षकांचा पगार बायकोच्या बांगड्या मोडून दिला. गणित मीच शिकवू लागलो, पहाटे उठून स्वतः गणितं सोडवायची आणि आठला वर्गात उभं राहायचं. त्या दिवसांत गावातल्या ज्यांच्या मुलांचे प्रवेश मी करून दिले होते ते रस्त्यात नजर चुकवून जात. हे लिहायला नको असं घरचे म्हणतात. मी लिहितो, कारण ते घडलं.

काकाजी त्यात नव्हते. त्यांचाही कापूस गेला होता. सोयाबीनच्या आलेल्या पैशांतून धाकट्या मुलीची वर्षाची सगळी फी त्यांनी एकदम आणून टेबलावर ठेवली आणि सोबत गावातली सात-आठ पोरं घेऊन आले. त्यातल्या दोघांचे बाप फी भरून त्या शाखेत जायला निघाले होते. काकाजी त्यांना म्हणाले, "तथी पैसे पहिले घेतेत, इथी कागद पहिले पाह्यतेत. तुमचं तुम्ही ठरवा." त्या सात-आठ पोरांवर आमची पुढची बॅच उभी राहिली.

धाकटी मुलगी २०१९ ला नीटला चांगल्या गुणांनी पास झाली आणि यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात लागली. दोन वर्षं ती आमच्याकडे होती. शेवटच्या महिन्यात त्या शाखेने मोफत सराव परीक्षा ठेवल्या, त्याला तालुक्यातली बरीच मुलं बसली, तीही बसली. निकालानंतर तिसऱ्या दिवशी बसस्टँडवर त्यांचं फ्लेक्स लागलं आणि त्यावर सगळ्यात वर तिचा फोटो. खाली लिहिलेलं, 'आमची विद्यार्थिनी'.

मी भांडायला गेलो नाही. काकाजी गेले. त्यांच्या स्वागतकक्षात उभं राहून म्हणाले, "पोरगी माही, फोटो माह्या पोरीचा. कोनं शिकोलं ते मले माहीत हाय. काढा." संध्याकाळपर्यंत फ्लेक्स उतरलं. पण माहितीपत्रक छापून झालं होतं, ते वर्षभर वाटलं गेलं, आणि त्यावर कितीतरी प्रवेश झाले असतील. वर्ग चालवणाऱ्यांनो, मुलाचा फोटो छापण्याआधी बापाची सही घ्या. निदान विचारा तरी.

२०१९ पासूनच सीईटी संगणकावर गेली. आमच्या मुलांतल्या अनेकांनी माउस हातात धरला नव्हता. प्रश्न येतो, पण पुढच्या पानावर जायचं कसं कळत नाही आणि हात थरथरतो. जुने संगणक घेतले, इन्व्हर्टर बसवला, एका खोलीत सीईटीसारखी परीक्षा घ्यायला लागलो. गणिताचे पन्नास प्रश्न दोन-दोन गुणांचे, फिजिक्स-केमिस्ट्रीचे पन्नास-पन्नास एकेका गुणाचे, चुकल्यास गुण कापत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न सोडायचा नाही. नीटला नेमकं उलटं, तिथे न येणारा गोल कोरा ठेवायला शिकवावं लागतं. दोन्ही देणाऱ्या मुलाला दोन वेगळ्या सवयी लागल्या पाहिजेत, म्हणून सीईटी संगणकखोलीत आणि नीट आजही कागदावर, चाळणीनेच.

लॉकडाउनमध्ये त्या शाखेचं कुलूप लागलं ते उघडलंच नाही. आगाऊ घेतलेल्या फीचं काय झालं ते ज्यांनी भरली त्यांना विचारा. आम्ही त्या काळात पेपरचे गठ्ठे गावोगावच्या किराणा दुकानांत ठेवत होतो, सोडवलेले परत घेत होतो. २०२१ ला बारावीची लेखी परीक्षाच रद्द झाली, तेव्हा सरावात खंड न पडलेली पोरं सीईटीत टिकली. पुढे एसटीचा संप झाला तो आणखी कठीण गेला. मुलींची गाडीच बंद. काकाजींनी तेव्हा गावातल्या एकाची मॅक्स गाडी ठरवून दिली, डिझेल सगळ्यांनी वाटून.

विकल्प भरताना एक लक्षात ठेवा : पहिल्या क्रमांकावर जे कॉलेज टाकाल ते पहिल्याच राउंडला मिळालं तर पुढच्या राउंडला जाता येत नाही. तेव्हा जिथे खरंच जायचं आहे तेच वर लिहा, शेजाऱ्याला सांगायला बरं वाटतं ते नव्हे. आणि ज्याचा हात चालतो, त्याला बळेच अकरावी सायन्सला बसवू नका. इलेक्ट्रिशियन किंवा फिटरचा दोन वर्षांचा आयटीआय झाला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचं दार उघडं आहे. अशी मुलं मी माझी फी सोडून आयटीआयला पाठवली आहेत. त्यातला एक महावितरणमध्ये आहे, आमच्या इन्व्हर्टरचं काम तोच करतो, पैसे घेत नाही.

मागच्या वर्षी दिग्रसकडे एक नवा क्लास उघडला, त्यात शिकवणारे आणि फी घेणारे ओळखीचे चेहरे आहेत. पालक पुन्हा मला विचारायला येतात, कोणता बरा. मी कोणाचं नाव घेत नाही. त्या जुन्या माहितीपत्रकाची एक प्रत मात्र कार्यालयाच्या कपाटात आहे, आणि तिच्यासोबत त्या मुलीची आमच्याकडची दोन वर्षांची हजेरी, रविवारच्या पेपरचे गुण आणि फीच्या पावत्या. ज्याला पाहायचं असेल त्याने यावं, दुपारी दोननंतर मी तिथेच असतो.