साडेसात किलो, एवढंच आणि आत्ताच

गुरुवार रात्र, ठाणे

गरोदरपणाचा सत्ताविसावा आठवडा. आज चेकअप झाला, काट्यावर ६१.५ आलं. सुरुवातीला मी ५४ होते, म्हणजे आत्तापर्यंत साडेसात किलो, आणि डॉक्टर म्हणाल्या अगदी व्यवस्थित चाललंय. पोटावर टेप लावून मोजलं ते २७ सेंटीमीटर भरलं, विसाव्या आठवड्यानंतर जितके आठवडे तितके सेंटीमीटर असा साधारण हिशोब असतो, एक-दोन इकडेतिकडे चालतात. बीपी छान. ठोके ऐकले. ते ऐकताना मी दरवेळी श्वास धरून ठेवते आणि मग डॉक्टरच म्हणतात अगं श्वास घे.

बाहेर पडून आईला फोन केला, साडेसात सांगितलं, तर म्हणाली "एवढंच? खातेस ना नीट?" आणि दुपारी ऐरोलीला ऑफिसमध्ये मैत्रिणीला तोच आकडा सांगितला तर ती म्हणे "आत्ताच साडेसात? अजून तीन महिने जायचेत गं!" दोघींचा माझ्यावर जीव आहे आणि दोघी काळजीनेच बोलल्या, पण त्या आकड्याकडे दोघींनी बघितलं ते त्या त्या काळाच्या नजरेने, असं मला आज लोकलमध्ये बसल्या बसल्या वाटत राहिलं, म्हणून रात्री झोप सोडून लिहायला बसलेय.

दोन जिवांची आहेस, दोघांचं खा. हे वाक्य मला लेडीज डब्यात, बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये, भाजीवालीकडून, सगळीकडून मिळतं. आधी राग यायचा. पण मागच्या महिन्यात सासूबाई बोलता बोलता त्यांच्या वेळचं सांगत होत्या, गावाला घरात सगळे जेवून उठल्यावर बायका बसायच्या, भात संपलेला असला तर उरलेल्या भाकरीवर भागवायचं, विहिरीवरून पाणी आणायचं ते सातव्या महिन्यातही, वजन कुणी कधी केलंच नाही. त्यांची मोठी जाऊ तेवढी म्हणायची, अगं दोन जिवांची आहेस, घे अजून. हे ऐकल्यावर मला त्या वाक्याबद्दल मायाच वाटायला लागली. ज्या घरात बाईचं ताट सगळ्यात शेवटी वाढलं जातं तिथे निदान हे नऊ महिने तरी तिच्या पोटात नीट पडावं म्हणून बायकांनीच बायकांसाठी ते धरून ठेवलं असणार. तेव्हा ते बरोबरच होतं.

आणि हे काही फार जुनं नाही. पुण्याचे डायबेटीसतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्या बायकांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं आणि बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतली. ती बाळं दिसायला बारीक, पण अंगात चरबीचं प्रमाण त्या मानाने जास्त, आणि पुढे मोठेपणी डायबेटीसचा धोका. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटलं की ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं जास्त भरलेली होती, नुसत्या कॅलरीजशी तसा संबंध दिसला नाही. म्हणजे किती खाल्लं यापेक्षा काय खाल्लं. तेव्हापासून आमच्याकडे मेथी, पालक, माठ, शेवग्याचा पाला आलटून पालटून असतो, नवरा तक्रार न करता निवडायला बसतो.

दोघांचं म्हणजे नक्की किती तेही मी डॉक्टरांना विचारून घेतलं. आपल्याकडे आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेला आकडा आहे, रोज ३५० कॅलरी जास्त. म्हणजे नेहमीच्या जेवणावर साधारण एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि कपभर दूध. बस. दुसरं अख्खं ताट नाही. माझी नोकरी बसून करायची, पाणी नळाला येतं, कपडे मशीन धुतं, मी त्या "दोघांचं खा"च्या मापाने खाल्लं तर ते वजन बाळाला न जाता माझ्या बीपी-शुगरला जाईल. (गोळ्यांचंही लिहून ठेवते नाहीतर मी परत गोंधळेन, लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये काही तास जाऊ द्यायचे, आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा नाही, लिंबूपाणी चालतं.)

आता मैत्रिणीच्या "आत्ताच साडेसात?" बद्दल. ती भीती मला जास्त त्रास देते, कारण ती आमच्या वयाच्या मुलींच्यात आहे. प्रेग्नन्सीत वजन वाढणं म्हणजे आपण सुटलो, आपलं लक्ष नाही, असंच धरून चालतात सगळ्या. अगं पण ते वजन जातं कुठे ते तरी बघा ना. डॉक्टरांनी मला मागेच फाईलच्या पाठीवर लिहून दाखवलं होतं, बाळ शेवटी तीन किलोच्या आसपास, वार (प्लॅसेंटा) पाऊण किलो, गर्भजल किलोच्या आतबाहेर, गर्भाशयच किलोभर मोठं होतं, रक्त दीड किलोने वाढतं, छाती अर्धा-एक किलो, अंगात साठलेलं पाणी दीड-दोन किलो, आणि उरलेली तीनेक किलो चरबी ती दूध पाजायच्या महिन्यांची शिदोरी. झाले की बारा. यातलं नको म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

अर्थात सगळ्यांना एकच आकडा नसतो. जगभर बऱ्याच ठिकाणी अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचे २००९ सालचे आकडे वापरतात, आधीचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १८.५ च्या खाली असेल तर साडेबारा ते अठरा किलो, १८.५ ते २४.९ असेल तर साडेअकरा ते सोळा, २५ ते २९.९ मध्ये सात ते साडेअकरा, आणि ३० च्या वर पाच ते नऊ. आपल्या अंगकाठीला बीएमआय २३ पासूनच जास्त धरतात, म्हणून डॉक्टर प्रत्येकीला थोडं वेगळं सांगतात, माझा २१.९ होता तर मला म्हणाल्या अकरा-बारापर्यंत छान. पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलोच वाढतं, माझं तर उलट्यांमुळे जवळपास काहीच नाही, आणि नंतर आठवड्याला साधारण ४०० ग्रॅम. एकदम एखाद्या आठवड्यात काटा उडी मारायला लागला आणि सोबत चेहरा-हात सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं तर मात्र ते खाण्याचं नाही, बीपीचं असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरकडे. हे मी फ्रीजवर पण लिहून चिकटवलंय.

आणि योगा. मला खरं तर योगाबद्दलच लिहायचं होतं.

आमचा क्लास नौपाड्यात एका सोसायटीच्या हॉलमध्ये असतो. ठाण्यात योगाचं वेड जुनंच आहे, घंटाळी मित्र मंडळाच्या वर्गांना जाऊन आलेलं कुणी ना कुणी प्रत्येक बिल्डिंगमध्ये सापडतं, त्यामुळे घरून कुणी "पोटुशी बाईने कसला व्यायाम" म्हणालं नाही हे माझं नशीब. मॅडमनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, त्याशिवाय मॅटवर घेतलं नाही. वार खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला असेल, बीपी चढलेलं असेल, रक्त फारच कमी असेल, तर नाही म्हणजे नाही. मला हे इतकं आवडलं.

आम्ही करतो काय तर वरून बघणाऱ्याला वाटेल काहीच नाही. भिंतीला टेकून ताडासन, खुर्ची धरून वीरभद्रासन, बद्धकोनासन, आणि मार्जरासन, जे माझं सगळ्यात लाडकं, चार पायांवर आलं की पोटाचा भार पाठीवरून उतरतो आणि दिवसभर खुर्चीत आखडलेली कंबर अक्षरशः सुटते. पोटावर झोपायची आसनं नाहीत, पोट पिळणारी नाहीत, कपालभाती, भस्त्रिका, श्वास कोंडून धरणं बंद. वीस आठवड्यांनंतर उताणं फार वेळ पडायचं नाही कारण गर्भाशयाचा भार मागच्या मोठ्या शिरेवर येतो आणि चक्कर येते, म्हणून शवासन पण डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. आणि जास्त ताणायचं नाही. या दिवसांत हार्मोनमुळे सांधे सैल होतात, त्यामुळे आधी जमायचं नाही ते आता सहज जमतं आणि तिथेच दुखावतं, हे मॅडम प्रत्येक वेळी सांगतात. बोलता बोलता करता आलं पाहिजे, वाक्य तुटायला लागलं तर थांबा, ही त्यांची खूण. शेवटी भ्रामरी. सगळ्या मिळून करतो तेव्हा हॉल घुमतो आणि माझं बाळ हमखास हलतं.

यातून मला काय मिळालं तर स्टेशनचा पूल चढताना मी मध्ये थांबते, श्वास घेते, आणि घाबरत नाही. रात्री दोनला जाग आली की परत झोपता येतं. पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू नावाचं काही आपल्याकडे आहे आणि ते आवळता आणि सोडताही येतात, सोडणं बाळंतपणात जास्त कामाचं, हे मला एकतिसाव्या वर्षी कळलं, शाळेत का नाही शिकवत?

मागच्या शनिवारी क्लासमधल्या एकीने विचारलं, मॅडम यातलं कुठलं केलं की वजन कमी वाढेल? मॅडम तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, इथे आपण वजनासाठी नाही आलेलो. हालचाल नियमित असेल तर गरजेपेक्षा जास्त वाढत नाही, शुगरलाही मदत होते, आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं-योगा मिळून झालं की पुरे, पण जे वाढायचं ते वाढू दे. ती मान हलवून हो म्हणाली. नंतर चपला घालताना मला सांगते की ती रात्री नुसतं ताक पिऊन झोपते. तिचं वजन आधीपासून थोडं जास्त आहे आणि नात्यातल्या कुणीतरी सांगितलंय की तुला वाढायची गरजच नाही.

माझ्या डोक्यातून ते जात नाहीये. बीएमआय थोडा जास्त असला तरी वाढ सात किलोच्या पुढे धरलेली आहे, शून्य नाही. गरोदरपणात रात्रभर उपाशी राहिलं की शरीर नेहमीपेक्षा लवकर चरबी जाळायला घेतं, रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) वाढतात, आणि हे डाएटिंगचे महिने नाहीतच मुळी. एका बाजूने दोघांचं खा आणि दुसऱ्या बाजूने खाऊच नको, आणि मधल्या मध्ये ती बिचारी सकाळी रिकाम्या पोटी मार्जरासन करतेय, चक्कर आली म्हणजे? योगा ही जेवल्याची भरपाई नव्हे हे तिला कुणी प्रेमाने सांगितलेलंच नाही.

सोमवारी माझी शुगर टेस्ट आहे, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त, १४० च्या आत यायला हवं. चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत सगळ्यांची करतात, तिचीही राहिली असेल तर तेही विचारायचंय. आत्ताच तिला मेसेज टाकला की शनिवारी केळं नाहीतर उपमा, काहीतरी खाऊन थोडा वेळ जाऊ दे मग ये, आणि क्लासनंतर थांब, तुझ्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न दोघी मिळून लिहू. दोन तर मी आत्ताच लिहिलेत, माझ्या वजनाला किती वाढ हवी तो आकडा सांगा, आणि रात्री काय जेवू. बाकीचे ती सांगेल.