बुडवणाऱ्यानेच दोर टाकला

सध्या आमच्याकडे शेतातली लाईट रात्रीची आहे, मोटार चालू करून मक्याला पाणी भरत बसायचं आणि मधल्या वेळात मोबाईलवर वाचायचं असं चाललंय. अमळनेर तालुक्यातलं तापीकाठचं गाव आमचं, समुद्राशी संबंध शून्य, पण पाणबुड्यांचं वेड मला शाळेपासून आहे. आणि त्यातला एक माणूस काही केल्या डोक्यातून जात नाही, वेर्नर हार्टेनस्टाइन, दुसऱ्या महायुद्धातल्या यू-१५६ या जर्मन पाणबुडीचा कॅप्टन.

१९४२ च्या फेब्रुवारीत तो कॅरिबियनमधल्या अरुबा बेटावर गेला होता, तिथल्या तेल रिफायनरीवर तोफ डागायला. गडबडीत तोफेच्या तोंडाचं बूच काढायचं राहून गेलं आणि पहिलाच गोळा नळीत फुटला, एक खलाशी मेला, दुसऱ्याचा पाय गेला. हार्टेनस्टाइनने नंतर फाटलेली नळी करवतीने कापून टाकली आणि त्याच तोफेने पुढची कामं केली. म्हणजे मऊ काळजाचा वगैरे माणूस नव्हता तो, एकूण वीसेक जहाजं बुडवली त्याने.

१२ सप्टेंबर १९४२ च्या रात्री पश्चिम आफ्रिकेच्या बाजूला त्याने लॅकोनिया नावाचं ब्रिटिश जहाज बुडवलं. वर आला तर पाण्यातून इटालियन भाषेत ओरडणं ऐकू येतंय! जहाजावर २,७०० च्या आसपास लोक होते, त्यात सुमारे १,८०० इटालियन युद्धकैदी, म्हणजे जर्मनीच्याच दोस्तांचे सैनिक. शिवाय इंग्रज बायका आणि पोरं. पण त्याने इटालियन तेवढे वेगळे काढले नाहीत, हाताला येईल त्याला वर घेतलं. पन्नासेक माणसांच्या पाणबुडीत नि डेकवर मिळून दोनशेच्या घरात लोक, आणि मागे दोराने बांधलेल्या लाईफबोटी. मग त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असा साध्या इंग्रजीत वायरलेस मेसेज दिला, आपली जागा सांगून, की मदतीला कुठलंही जहाज आलं तरी मी हल्ला करणार नाही, फक्त माझ्यावर करू नका. युद्धात पाणबुडीने स्वतःचा पत्ता शत्रूला सांगणं म्हणजे काय ते कळतंय ना.

मी लहान असताना शेजारच्यांचा पोरगा आमच्या विहिरीत पडला होता. बांधावरून त्यांचं आमचं इतकं वाकडं होतं की बोलणं बंद. आजी ओरडली, "पयले दोर टाका, मंग इचारा कोना पोऱ्या शे." हार्टेनस्टाइनचं वाचताना मला तेच आठवतं. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की इथे विहिरीत ढकलणाराही तोच होता. त्या रात्री तळघरात कोंडलेले शेकडो इटालियन बाहेर पडू न शकता बुडाले, त्याचा हिशोब त्याच्याच नावावर आहे, ते मी विसरत नाही.

१६ तारखेला अटलांटिक समुद्रातल्या असेन्शन बेटावरून अमेरिकन लिबरेटर विमान आलं. डेकवर रेडक्रॉसचा मोठा झेंडा पसरलेला, एका ब्रिटिश हवाई अधिकाऱ्याने स्वतः दिव्याने खुणा करून सांगितलं की इथे लॅकोनियाची माणसं आहेत, बायका-पोरं आहेत. विमान गेलं, वरून हुकूम आला की पाणबुडी बुडवा, आणि परत येऊन त्याने बॉम्ब टाकले, एक तर लाईफबोटींमध्येच पडला. मग हार्टेनस्टाइनने दोर कापले, डेकवरच्यांना पाण्यात उतरायला सांगितलं आणि खाली गेला. या जागी मी दर वेळी थांबतो. चार दिवस धरून ठेवलेला दोर स्वतःच्याच हाताने कापायचा, कारण पाणबुडीत स्वतःचीही पोरं आहेत.

पुढे फ्रेंच जहाजांनी आणि आणखी पाणबुड्यांनी बऱ्याच जणांना वाचवलं, एकूण अकराशेच्या आसपास जगले. पण मागे राहिलेल्या एका बोटीत ६८ जण होते, २७ दिवसांनी आफ्रिकेचा किनारा लागला तेव्हा १६ उरलेले.

१७ सप्टेंबरला हार्टेनस्टाइनला नाईट्स क्रॉस हे जर्मन शौर्यपदक मिळालं, आणि त्याच दिवशी जर्मन पाणबुड्यांचा प्रमुख ॲडमिरल डोनिट्झने सगळ्या पाणबुड्यांना हुकूम काढला, यापुढे बुडणाऱ्या कुणालाही वाचवायचं नाही. सुरुवातीला याच डोनिट्झने मदतीला दुसऱ्या पाणबुड्या पाठवल्या होत्या! हा हुकूम पुढे युद्धानंतर नाझी पुढाऱ्यांवर चाललेल्या न्यूरेम्बर्गच्या खटल्यात त्याच्यासमोर ठेवला गेला.

८ मार्च १९४३ ला बार्बाडोसच्या पूर्वेला अमेरिकन विमानाने यू-१५६ बुडवली. हार्टेनस्टाइन ३५ वर्षांचा होता. काही खलाशी पाण्यात तरंगताना वैमानिकांना दिसले, तर त्याच विमानाने त्यांच्यासाठी वरून तराफा टाकला. पाचजण त्याच्यापर्यंत पोचलेले दिसले. नंतर त्यांना शोधायला एक अमेरिकन जहाजही गेलं, पण कुणीच सापडलं नाही.