दिवाडीच्या रस्त्यांना किती हवा लागते?

पणजी ते रायबंदर हा मांडवीकाठचा जुना बांध-रस्ता इतका सपाट आहे, की टायर दगडासारखे घट्ट असले तरी सायकल झक्क धावते. जितकी हवा जास्त तितका वेग जास्त, हा गैरसमज इथेच पक्का होतो. रायबंदरला फेरीबोट धरून मांडवीतल्या दिवाडी बेटावर उतरलो आणि पहिल्याच रंबलरवर, म्हणजे वेग रोखणाऱ्या उंचवट्यांच्या पट्ट्यांवर, हँडल हातात थडथडायला लागलं. गावातला रस्ता म्हणजे ठिगळावर ठिगळ, कडेला जांभ्याची खडी. अशा रस्त्यावर जास्त फुगलेलं चाक उडतं आणि प्रत्येक उडीत पायांची ताकद वाया जाते. गुळगुळीत ट्रॅकवर फायद्याचा असलेला कडकपणा इथे वेगच खातो.

टायरच्या बाजूला छापलेला हवेच्या दाबाचा आकडा ही कमाल मर्यादा असते, तो सल्ला नव्हे. हे पुण्या-मुंबईहून येणाऱ्या सायकलवाल्यांना सांगून माझं तोंड दुखायला आलं आहे. स्वार ७० किलोचा, टायर २८ मिमी, आत साधी ब्यूटाइल (कृत्रिम रबराची) ट्यूब, असं असेल तर मागे ७२ आणि पुढे ६६ पीएसआयपासून (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) सुरुवात करावी. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून तिथे हवाही जास्त. वजन पाच किलोने वाढलं की तीन-चार पीएसआय वाढवा. सामानाची बॅगही त्यात धरा. २५ मिमीला मागे ८५, पुढे ८०. ३२ मिमीला मागे ५८, पुढे ५४ पुरतात. रुंद रिमवर, म्हणजे टायर बसतं त्या चाकाच्या कड्यावर, २८चं टायर प्रत्यक्षात ३० मिमी भरू शकतं, तेव्हा जाडी मोजायच्या कॅलिपरने मोजून बघा. हूकलेस रिम (टायर अडकवायला आतून ओठ नसलेली) असेल तर ७२च्या वर जायचंच नाही; टायर रिमवरून निसटू शकतं.

फार खाली गेलात तर वेगळं संकट. खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिम आणि रस्त्यामध्ये चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. अशी जोडी दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा पाच पीएसआयने वाढवा. एकच भोक असेल तर मात्र टायरच्या आतून बोट फिरवा. काच किंवा तारेचा तुकडा बहुधा अजून तिथेच रुतलेला असतो.

प्रेस्टा व्हॉल्व्हची, म्हणजे ट्यूबच्या बारीक, लांबट व्हॉल्व्हची, टोकावरची छोटी चकती सैल करून एकदा टिचकी मारा, चिकटलेलं रबर सुटतं. मगच पंप लावा. पंप काढताना जी फुस्स होते ती नळीतली हवा, ट्यूबमधली नव्हे. पंपाचं गेज (दाबमापक) दोन-चार पीएसआयने चुकतं, म्हणून कायम एकच पंप वापरा. ब्यूटाइल ट्यूब रोज थोडी उतरतेच. लेटेक्सची (नैसर्गिक रबराची) तर रातोरात उतरते.

दिवाडीहून दुसऱ्या फेरीने नार्व्याला, सप्तकोटेश्वराचं दर्शन. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला. पुढे डिचोली, सांखळी, केरी. या टापूबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते पुन्हा कधीतरी.

केरीनंतरचा चोर्ला घाट चढताना हवेचे आकडे तेच ठेवावेत. पाऊस असेल तर उतरण्याआधी दोन्ही चाकांतून चार-पाच पीएसआय सोडावेत. ओल्या वळणावर पकड सुधारते. रिमब्रेकवाल्यांनी (ज्यांचे ब्रेक रिमलाच आवळतात) ब्रेक सतत दाबून धरू नयेत. रिम तापली की आतली हवाही तापते आणि दाब चढतो. कार्बन रिममध्ये लेटेक्स ट्यूब असेल तर ती फुटायची भीती. दाबायचे, सोडायचे, असं करत उतरा.

किनाऱ्याकडे सायकल भाड्याने घेणार असाल तर स्वतःचं गेज जवळ ठेवा. दुकानवाला टायर अंगठ्याने दाबून "बरोबर आसा" म्हणतो, पण ६० आणि ९० मधला फरक अंगठ्याला कळत नाही.