शिक्क्यावरचं साल आणि हातातला माल

दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन फील्ड गिअर, म्हणजे सैनिकाने अंगावर वागवायचं सामान, बघायला घेतलं की बहुतेक जण आधी शिक्का शोधतात. गरुड दिसला, खाली वाफेनआम्टचा म्हणजे जर्मन सैन्याच्या शस्त्रखात्याच्या तपासणीचा नंबर दिसला की झालं, ओरिजिनल! मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण अख्ख्या वस्तूत नकली करायला सगळ्यात सोपं काय असेल तर तो शिक्का, एकदा डाय (ठसा) बनवून घेतला की हव्या तितक्या पट्ट्यांवर मारता येतो. मी आधी शिक्क्यावरचं फक्त साल वाचतो आणि मग बघतो की त्या साली जर्मनीकडे हे मटेरियल होतं का, आणि असलं तरी ते साध्या सैनिकाच्या बाटलीवर नाहीतर पाऊचवर घालवायची त्यांची परिस्थिती होती का.

फेल्डफ्लाशेचंच घ्या, म्हणजे १९३१ मॉडेलची पाण्याची बाटली, साधारण ०.८ लिटरची. सुरुवातीला सगळंच ॲल्युमिनियमचं, बाटली, झाकण, वरचा कपसुद्धा, आणि कप काळा रंगवलेला. मग युद्ध लांबत गेलं, ॲल्युमिनियम विमानांना लागायला लागलं आणि ते या बाटलीवर सरळ दिसतं, कपाचा काळा रंग जाऊन ऑलिव्ह हिरवा आला, झाकण बेकेलाइटचं (जुनं कडक प्लास्टिक) झालं, नंतर कप स्टीलचे आणि शेवटी बाटलीच स्टीलची, लालसर तपकिरी इनॅमल केलेली. त्यामुळे इनॅमलच्या स्टील बाटलीवर कोणी १९३८ साल दाखवत असेल तर पुढे बोलायचीच गरज नाही. पण बाटली १९३९ची, कप १९४२चा आणि पट्टा तिसऱ्याच सालचा असेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सामान डेपोत परत यायचं, दुरुस्त व्हायचं, जे हाताला लागेल ते जोडून पुन्हा दिलं जायचं. नवीन कलेक्टर नेमके अशा मिक्स सेटला नाकारतात आणि सगळं चकाचक एका सालचं मागतात, आणि मग विकणारे तसा सेट जुळवून देतात, बरेचदा भागांची अदलाबदल करूनच.

बाटलीचं फेल्टचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, कव्हर नीट बघा. खरी कसर (लोकर खाणारी कीड) लोकर वरवर खरवडत जाते, कडा विरळ होत होत भोक पडतं. कात्रीने किंवा ब्लेडने केलेलं भोक तसं दिसतच नाही. प्रेस बटणांवर प्रिम असं नाव असतं आणि लोक तेवढ्यावर खूश होतात, पण श्टोलबेर्गची ही कंपनी आजही बटणं बनवते, म्हणजे नुसतं नाव असून काहीच सिद्ध होत नाही.

चामड्याकडे येऊ. के९८के या जर्मन सैनिकांच्या नेहमीच्या रायफलचे काडतुसांचे पाऊच, तीन कप्प्यांचे, कप्प्यात दोन क्लिप म्हणजे दहा राउंड, जोडीत साठ. याची कॉपी प्रचंड होते. मी आधी कापलेली कड बघतो. त्या काळचं बहुतेक चामडं झाडाच्या सालीने कमावलेलं, त्यामुळे आत तपकिरी रंग दिसतो, आजच्या क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याच्या कडेत निळसर राखाडी छटा असते. मग झीज कुठे आहे ते बघायचं. खऱ्या पाऊचची पाठ बेल्टला घासून गुळगुळीत झालेली असते, झाकणाची जीभ ज्या खुंटीवर बसते तिथलं भोक ओढून लांबट झालेलं असतं, आणि शिलाईच्या दोऱ्यात त्याच चामड्याइतका मळ मुरलेला असतो. मुद्दाम जुना केलेला माल सगळीकडे सारखाच जुना दिसतो, पुढून, मागून, अगदी जिथे हात पण पोचत नाही त्या कोपऱ्यातसुद्धा.

आणि प्रेसश्टॉफ! युद्धात चामडं पुरेना तेव्हा कागदाचा लगदा आणि रेझिन दाबून केलेलं हे नकली चामडं फावड्यांच्या कव्हरला, संगिनीच्या फ्रॉगला (संगीन बेल्टला अडकवायचा पट्टा) वापरलं. ते वाकवलं की तडकतं आणि तडकलेल्या जागी आतला पुठ्ठ्यासारखा थर दिसतो. कॉपी करणारे सहसा याच्या वाटेला जात नाहीत, लोकांना चामडं हवं असतं म्हणून. म्हणून मला हीच मळकट, स्वस्तातली वस्तू फार आवडते, हिटलरच्या जर्मनीची ओढाताण तिच्यात जितकी स्पष्ट दिसते तितकी चकचकीत बकलात दिसत नाही.

शिक्क्याचा पण स्वतःचा क्रम आहे. आधी कारखान्याचं नाव, गाव, साल असं सरळ छापायचे. मग कारखाना कळू नये म्हणून साधारण १९४०-४१ पासून तीन अक्षरी कोड आले, आणि नंतर आरबी नंबर, म्हणजे कारखान्याला दिलेला सरकारी नंबर, तिरप्या रेघांनी तोडलेला लांब आकडा, तो मुख्यतः युद्धाच्या शेवटच्या वर्षांत. तेव्हा १९३७ साल आणि बाजूला आरबी नंबर, हे जुळतच नाही. शिक्का भिंगाखाली बघा. जुन्या शिक्क्याच्या तळाशी मळ आणि मेण बसलेलं असतं आणि अक्षरांच्या कडा चामड्याबरोबरच झिजलेल्या असतात, जुन्या बिनशिक्क्याच्या चामड्यावर नंतर मारलेला असेल तर वरचा थर तुटून आतला फिका रंग दिसतो.

यूव्ही टॉर्चबद्दल थोडं. कापड, दोरा निळसर पांढरा चमकला तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर (कापड जास्त पांढरं दिसावं म्हणून घालायचं रसायन) आहे, म्हणजे बहुतेक युद्धानंतरचा. पण जुना माल कोणी नंतर आजच्या डिटर्जंटमध्ये धुतला असेल तरी तो चमकतो, आणि कॉपी करणारे आता न चमकणारा दोरा वापरतात, त्यामुळे टॉर्च एकटीच्या भरवशावर निकाल देऊ नका.

तिसरा प्रकार लोक विसरतात, माल नकलीही नाही आणि युद्धातलाही नाही. पूर्व जर्मनीने त्याच धाटणीचं सामान पुढे बनवलं, नॉर्वेने जर्मनांनी मागे टाकलेलं वापरलं, पश्चिम जर्मनीच्या बुंडेसवेअर या सैन्यानेही सुरुवातीला युद्धातलंच स्प्लिंटर कॅमोफ्लाज (टोकदार तुकड्यांच्या नक्षीचं कापड) वापरून बघितलं. हे प्रामाणिकपणे विकलं तर उत्तमच, पण शिक्का खरवडलेला दिसला की समजायचं कोणीतरी १९५० च्या दशकातली वस्तू युद्धातली म्हणून खपवतंय.

एका वस्तूला मात्र मी हात लावत नाही, मातीतून काढलेली अख्खी ओळखपट्टी. सैनिक मेला की ती अंडाकृती पट्टी मधल्या छिद्रांवर तोडून अर्धी कळवण्यासाठी नेत, अर्धी देहाबरोबर राहत असे. मातीतून न तुटलेली निघाली म्हणजे तो माणूस अजून बेपत्ताच असण्याची शक्यता आहे, आणि पट्टी देहापासून वेगळी करून विकली की त्याचं नाव कायमचं जातं. ती फोल्क्सबुंडसारख्या युद्धकबरी सांभाळणाऱ्या संस्थेकडे जायला हवी, शोकेसमध्ये अजिबात नाही.

आणि ऑनलाइन घेत असाल तर शिक्क्याचा क्लोजअप सगळेच पाठवतात, तुम्ही कापलेल्या कडेचा, रिव्हेटच्या मागच्या बाजूचा, शिलाईच्या आतल्या बाजूचा आणि फेल्ट काढून उघड्या बाटलीचा फोटो मागा, तो सुद्धा दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. जो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका, मग किंमत कितीही चांगली असो.